लाल शाईचा शेरा

आमच्या घरी मी सरांची गोष्ट काढली की बायको कुकर लावायला उठते. मुलगी म्हणते, "बाबा, रुमालापासून की मस्टरपासून?" तिला दोन्हीकडून पाठ आहे. एकच भाग मी आजवर कोणाला नीट सांगितलेला नाही, तो माझा स्वतःचा. तो आला की मला खोकला येतो आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी होते. आज लिहायला बसलोय, म्हणजे खोकल्याची सोय नाही.

सर आमच्या कॉलेजचे प्राचार्य. कॉलेज म्हणजे खरेदी-विक्री संघाचं रिकामं गोदाम. मधे गोणपाटाचे पडदे लावून तीन वर्ग केलेले. पलीकडे इतिहास चालू असला की अलीकडे नागरिकशास्त्राला पानिपत ऐकू यायचं. मी तिथला ज्युनिअर क्लार्क. वय एकवीस, मॅट्रिकला जेमतेम पास. अंगी एकच गुण, तो म्हणजे अक्षर. या अक्षराचा मला फार गर्व होता. तालुक्यात कोणाची लग्नपत्रिका लिहायची असली तर लोक माझ्याकडे येत आणि मी आढेवेढे घेत असे.

सर दिसायला प्राचार्य नव्हते. धोतर, नेहरू शर्ट, खांद्यावर लांब पांढरा पंचा, आणि त्यांच्या उंचीला न शोभणारी उंच सायकल. सायकलवर चढायला त्यांना दगड लागायचा. गावोगावी त्यांचे ठरलेले दगड होते. मिटलेल्या छत्रीत कॉलेजची माहितीपत्रकं. कुठेही छत्री उघडली की दहा-वीस पत्रकं अंगावर पडायची. विद्यार्थ्यालाही ते "अहो" म्हणत, आणि कोणी दारात उभा राहिला की एकच वाक्य, "आलात ना? मग झालं." आधी मार्क नाही, जात नाही, गाव नाही. आलात ना? मग झालं.

तो दुष्काळाचा जून. तेव्हा तो दुष्काळ आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. पाऊस लांबलाय एवढंच वाटत होतं. सरांनी त्या वर्षी सायन्सचा वर्ग काढला. वीस मुलं झाली नाहीत तर मान्यता जाणार होती. कला शाखेला मुलं कशीबशी मिळत, सायन्सचं नाव काढलं की लोक म्हणत, "सर, आमचं पोरगं काय बेडूक कापणार का?" म्हणून सर मुलं शोधायला बाहेर पडले. एसटी स्टँडवर, न्हाव्याच्या दुकानात, लग्नात. लग्नात तर त्यांनी एकदा नवरदेवालाच गाठलं. "मॅट्रिक झालात ना? लग्न काय, झालंच. आता कॉलेज." एका दहाव्याला गेले आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत नातवाचा अर्ज भरून घेतला. मी शरमेनं नदीकडे तोंड करून उभा. नंतर म्हणालो, "सर, आज तरी..." तर म्हणाले, "अहो, आज सगळे पाहुणे एका जागी भेटतात."

सरांनी प्रवेशाचा एक नियम केला होता. अर्जावर शेवटचा रकाना: घरात सर्वांत जास्त कोण शिकलं? ज्याच्या घरात कोणीच शिकलेलं नाही, त्याचा अर्ज सर्वांत वर. जितकं शिकलेलं घर, तितकं नाव खाली. हा नियम ऐकून पाटाच्या पाण्यावरची सगळी ऊसवाली मंडळी खवळली. आमच्या संस्थेचे अध्यक्ष त्यांतलेच. त्यांचा पुतण्या यादीत तळाला गेला, कारण आजोबा मास्तर होते.

अध्यक्ष गोदामात येऊन म्हणाले, "म्हंजे आम्ही शिकलो हा गुन्हा झाला का?"

"गुन्हा कसला? तुमची पंगत आधी झाली," सर म्हणाले. "आता जरा सरकून बसा, एवढंच."

दुसऱ्या दिवसापासून बागायती पट्ट्यात एकाएकी अडाणीपणाची साथ आली. एका बापानं रकान्यात लिहिलं, 'आम्ही सर्व अंगठेबहाद्दर', आणि खाली फाउंटन पेननं इंग्रजीत झोकदार सही केली. सरांनी तो अर्ज मला जपून ठेवायला सांगितला. "हा माणूस खोटं बोलतो, पण शिक्षणासाठी खोटं बोलतो," म्हणाले. तेव्हा मी हसलो होतो.

आता रुमाल. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटं धरून भाव सांगतात. बाजूला उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. सर बाजारात जायचे, बैल घेऊन आलेल्या बापांना विचारायचे, पण चार माणसांत पोराचे मार्क सांगायला बाप लाजायचा. सरांनी पाहिलं आणि खांद्यावरचा पंचा काढला. "द्या हात. एक बोट म्हणजे दहा. अर्धं बोट म्हणजे पाच. चला." आणि बैलांच्या गर्दीत, धुरळ्यात, पंच्याखाली टक्केवारी सुरू झाली. हेडे, म्हणजे जनावरांचे दलाल, बघायला जमले. एक म्हणाला, "ह्ये धोतरवालं कोनचं जनावर घेतंय?" दुसरा म्हणाला, "माणसाची पोरं घेतंय. दातबी बगत न्हाई!"

तिथे शांतवन भेटला. दुष्काळी पट्ट्यातल्या एका वस्तीवरचा ख्रिस्ती शेतमजूर, कोणाचे तरी बैल हाकून आणायला आलेला. खूप वेळ लांबून बघत उभा राहिला. मग पुढे येऊन त्यानं हात पंच्याखाली घातला. सरांचा चेहरा मला आठवतो. आधी पाच बोटं, मग दोन. सरांनी पंचा झटक्यात बाजूला केला.

"अहो, सत्तर! हे लपवायचे मार्क आहेत का?"

शांतवननं इकडेतिकडे पाहिलं आणि पंचा पुन्हा हातावर ओढून घेतला. "सर, मार्कांचं न्हाई वो. पोरगी हाय. लोक हसत्यात."

तिचं नाव रूथ. अर्जावर शेवटच्या रकान्यात तिनं स्वतः लिहिलं: 'कोणी नाही.' माझ्या अक्षराच्या तोडीचं अक्षर आयुष्यात मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला बरं वाटलं नाही. यादीत ती पहिली. वर्गात तेवीस मुलं झाली. सायन्स सुरू झालं.

सरांची हजेरी घेण्याची एक पद्धत होती. नाव वाचायचे, मुलगा "हजर" म्हणाला की मान वर करून तोंड बघायचे. कोणी बोललं नाही तर थांबायचे. जणू तो रस्त्यात आहे, सायकल लावतोय, आत्ता येईल. एवढं थांबून मग पुढचं नाव. वर्ग कंटाळायचा, पण कोणी हसत नसे. आणि मस्टरमधून नाव कधी कमी करायचं नाही. मी म्हणायचो, "सर, दीड महिना आला नाही, काढू का?" ते म्हणायचे, "रस्ता लांब असेल."

दिवाळीपर्यंत रस्ता फारच लांब झाला. पाऊस आलाच नाही. विहिरी आटल्या, जनावरं बाजारात फुकटही कोणी घेईना. पाटाकडची दहा मुलं वर्गात राहिली, कोरडवाहू भागातली तेरा गेली. गेली म्हणजे खडी फोडायला. सरकारनं दुष्काळी काम काढलं होतं, गावापासून तीन कोसांवर. तिथे मस्टरवर नाव असेल तर काम, आणि काम असेल तर दुपारी सुकडी. सुकडी म्हणजे गूळ-तेलातलं कसलंतरी पीठ, पण त्या वर्षी माणसं तिच्यावर जगली. शांतवनच्या घरची सात तोंडं एका मस्टरवर होती.

सरांनी दोन दिवस तेरा नावांपुढे थांबून पाहिलं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मस्टर घ्या. सायकल काढा."

त्या माळावर सावली नव्हती. दुपारची सुट्टी झाली की खडीच्या ढिगाजवळ तेरा जण गोळा व्हायचे, हातात सुकडी, पापण्यांवर पांढरी धूळ. सर ढिगावर बसून हजेरी घ्यायचे, मान वर करून तोंड बघत. मग शिकवायचे. पहारीनं भला मोठा दगड उचलून त्यांनी तरफ शिकवली. "जोर कुठं? भार कुठं? टेकू कुठं?" रूथ म्हणाली, "सर, टेकू दगडापासनं लांब सरकवला तर आमच्या मुकादमाचाबी जोर पुरंना." सगळे हसले, मुकादमही हसला. तो भला माणूस होता, सुट्टी दहा-पंधरा मिनिटं जास्त ताणू द्यायचा. मी बाजूला बसून मस्टर भरायचो.

आणि इथेच मला खोकला येतो.

टर्म मंजूर व्हायला हजेरी लागते, आणि हजेरी तासिकांवर मोजतात. दिवसाच्या चार तासिका. सर एक तास शिकवायचे आणि म्हणायचे, "चारही भरा. या उन्हातला एक तास आहे." मी चारही भरायचो. तेवढ्यावर थांबलो असतो तर काही झालं नसतं. पण मस्टरला उजवीकडे एक 'शेरा' नावाचा रकाना असतो आणि तो रिकामा राहिला की मला झोप लागत नसे. मी लाल शाईच्या वड्या पाण्यात विरघळवून शाई करायचो, बारीक टाक ठेवला होता खास. रोज तेरा नावांपुढे मी लाल शाईनं सुबक लिहायचो: 'खडीच्या कामावर.' वळणदार, एका रेषेत. आमचे हेडक्लार्क एकदा म्हणाले होते, "लाल शाई वापरू नकोस रे, टिकत नाही." तेवढाच आक्षेप कोणी घेतला.

सर रोज त्या पानावर सही करायचे. शेरा त्यांना दिसत होता. एकदा म्हणाले, "अक्षर चांगलं आहे." बस. शेरा गाळायला सांगणं त्यांना जमलं नसतं, आणि न सांगता तो गाळण्याइतकी अक्कल मला नव्हती.

फेब्रुवारीत सायन्सच्या मान्यतेसाठी तपासणीचे साहेब आले. शांत, सभ्य गृहस्थ. चहासुद्धा घेतला नाही, म्हणाले, "पाण्याचे हाल आहेत, राहू द्या." मी मस्टर पुढे ठेवलं. खरं सांगतो, मी कौतुकाची वाट बघत होतो. त्यांनी पानं चाळली, चष्मा पुसला, आणि लाल अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे काय?"

सरांनी सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. साहेबांनी कामावरचं मस्टर मागवलं. मुकादम घेऊन आला. दोन्ही मस्टरं टेबलावर शेजारी शेजारी उघडली. तेरा नावं इथे हजर, तीच तेरा तिथे हजर, तोच दिवस.

"दुपारच्या सुट्टीत शिकवलं," सर म्हणाले.

"सुट्टी एक तासाची. तासिका चार लावल्यात. उरलेले तीन तास मुलं कुठं होती सर? इथं, का तिथं?"

सरांनी आमचं मस्टर स्वतःकडे ओढलं आणि लाल शेऱ्यांवरून बोट फिरवलं. साहेब हळूच म्हणाले, "दोन्ही खरं धरता येत नाही. एक मस्टर खोटं आहे असं मुलांनी लिहून द्यायला हवं. कोणतं, ते मी नाही ठरवणार."

काम खोटं ठरलं तर घरच्या सगळ्यांची नावं कामावरून जाणार. कॉलेज खोटं ठरलं तर टर्म जाणार. मधलं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेरा जण आले, बापांना घेऊन. गोदामात उभे राहिले. सरांनी दोन्ही गोष्टी समजावून सांगितल्या, एकदा, दोनदा. सगळे शांतवनकडे बघायला लागले, कारण त्याची पोरगी पहिली होती. शांतवनचं तोंड नुसतं हलत होतं. साहेब समोर, अध्यक्ष खुर्चीवर, वर्गातली दहा मुलं गोणपाटाच्या फटीतून बघतायत.

सर उठले. खांद्यावरचा पंचा काढला आणि शांतवनच्या हातावर टाकला.

"एक बोट कॉलेज. दोन बोटं काम. जे खरं ठेवायचं ते धरा."

पंचा थोडा हलला. मग बराच वेळ हलला नाही. सरांनी हात सोडला नव्हता.

"काम खरं," सर म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, "लिहा."

त्यांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. 'मी सदर दिवसांत महाविद्यालयात हजर नव्हतो.' तेरा प्रती. लाज वाटते सांगायला, पण अक्षर बिघडलं नाही. पोरं येऊन सही करून जात होती. कोणी वाचलं नाही. फक्त रूथनं वाचलं, 'नव्हतो'चं 'नव्हते' केलं, सही केली आणि टाक खाली ठेवताना विचारलं,

"सर, मग तरफ पण खोटीच शिकलो का आमी?"

सरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, हजेरीच्या वेळी पाहत तसं. शांतवन तिला म्हणाला, "चल बये, कामाची येळ झाली."

त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात नेहमीसारखी हजेरी घेतली. तेवीसच्या तेवीस नावं. पहिलं नाव रूथचं. वाचून थांबले. दहा मुलं मान खाली घालून बसली होती. सर थांबत गेले, तेरा वेळा. शेवटचं नाव झाल्यावर त्यांनी मस्टर मिटलं, खडू उचलला, फळ्यावर काहीच लिहिलं नाही आणि बाहेर गेले. मी बाहेर जाऊन बघितलं तर सायकल धरून उभे होते. दगड समोर होता, चढत नव्हते.

सायन्सची मान्यता गेली. दहा मुलांना त्यांच्या बापांनी नगरच्या कॉलेजात घातलं; त्यांचं काही अडलं नाही. पुढच्या जूनला अर्जावरचा शेवटचा रकाना छापला गेला नाही. 'कागद वाचवण्यासाठी,' असं अध्यक्ष म्हणाले. गोणपाटाचे पडदे काढून सायन्सच्या जागेत अमेरिकेतून आलेल्या मिलोची पोती रचली. लाल, कडू जोंधळा. आम्ही सगळ्यांनी तो खाल्ला.

सरांना कोणी काढलं नाही. त्यांनी स्वतः राजीनामा दिला. जायच्या दिवशी माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "सायन्सचं मस्टर मला द्याल का? आठवण म्हणून."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "सर, रेकॉर्ड आहे. बाहेर देता येत नाही."

हे मी म्हणालो. दुसऱ्या कोणी नाही. ते म्हणाले, "बरोबर आहे," आणि छत्री उचलली. त्या दिवशी छत्रीतून एकही पत्रक पडलं नाही. पुढे कुठल्याशा हायस्कुलात गणित शिकवायचे असं कानावर आलं, मग वारल्याचंही कानावर आलं. मी पत्र लिहिणार होतो. इतकं चांगलं अक्षर, पण लिहिलं नाही.

रूथ मला एकदाच दिसली, दहा-बारा वर्षांनी, राहुरीच्या एसटी स्टँडवर. डोक्यावर बोचकं, बरोबर तीन मुलं, देवळाली प्रवरेकडे ऊस खुरपायला निघाली होती. मी ओळख न दाखवता वर्तमानपत्र वर केलं. तिनं ते बोटानं खाली केलं.

"क्लार्कसाहेब, मस्टर नीट लिहिता का अजून?"

"लिहितो," मी म्हणालो.

"लिवा," ती म्हणाली. "लई सुंदर अक्षर हुतं तुमचं." यात टोमणा होता का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. तिची गाडी आली. मोठ्या मुलीनं गाडीच्या पाटीवरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि आईकडे पाहिलं. रूथ म्हणाली, "चड की आता."

गेल्या वर्षी कॉलेजची नवी इमारत झाली. आता तिथे सायन्सच्या चार तुकड्या आहेत आणि प्रवेशाला रांग लागते. जुनं दप्तर रद्दीत काढायचं ठरलं. यादी करायचं काम साहजिकच माझ्याकडे, कारण अक्षर. त्या ढिगात मला सायन्सचं मस्टर सापडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कॉलेजची एक वस्तू न विचारता घरी आणली. सरांना दिली नाही ती.

मुलीनं ते उघडलं. गोष्ट तिला पाठ, म्हणून ती लाल अक्षरं शोधत होती. पान उलटलं, आणखी एक उलटलं.

"बाबा, कुठाय तुमचा शेरा?"

मी चष्मा लावला. खिडकीपाशी नेऊन बघितलं, उजेडासमोर तिरकं धरून बघितलं. हेडक्लार्क खरं बोलले होते. लाल शाई पार उडून गेली होती. रकाना कोरा, नवा असावा तसा. डावीकडे निळ्या-काळ्या शाईत तेवीस नावं, आणि खडीच्या ढिगावरच्या त्या सगळ्या दिवसांपुढे, चारही तासिकांना, तेरा जण हजर. एकही शंका काढायला जागा नाही.

मुलगी म्हणाली, "मग आता तर बरोबरच आहे की सगळं."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी मस्टर मिटलं.

तपासायला आता कोणी येणार नाही.